रेसिंग सिम्युलेशनमधील ग्राफिक्स आणि कामगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेशनविषयी, म्हणजे खऱ्या गाडीच्या वागण्याची नक्कल करणाऱ्या शर्यतीच्या खेळांविषयी आहेत. बहुतेक उदाहरणे इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीच्या ‘असेटो कोर्सा’ (२०१४) व ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ (२०१९) यांतून आणि २००८ पासून चालू असलेल्या अमेरिकेतील ‘आयरेसिंग’मधून घेतली आहेत. सेटिंगची नावे खेळागणिक बदलतात. त्यामागचे काम मात्र सर्वत्र जवळपास सारखेच असते.

रेसिंग सिम्युलेशनच्या ग्राफिक्सचा विचार इतर खेळांपेक्षा वेगळा का करावा लागतो?

कारण येथे चित्र पाहण्यासाठी नसते, गाडी चालवण्यासाठी असते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५.५ मीटर अंतर कापते. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) मिळत असतील तर दोन फ्रेमच्या दरम्यान गाडी सुमारे ९३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि १४४ फ्रेम मिळत असतील तर सुमारे ३९ सेंटिमीटर. ब्रेक कोठे दाबायचा हे चालक दूरच्या फलकावरून, डांबराच्या रंगावरून किंवा कडेच्या कर्बच्या सुरुवातीवरून ठरवत असतो. त्यामुळे एखादी फ्रेम उशिरा आली, तर त्याचा निर्णयही तेवढाच उशिरा होतो.

शिवाय हेच दृश्य एका फ्रेममध्ये अनेकदा रेखाटावे लागते: एकदा समोरच्या काचेतून, पुन्हा आरशांत, पुन्हा गाडीच्या चकचकीत पत्र्यावरील प्रतिबिंबांसाठी आणि पुन्हा सावल्यांसाठी. त्याच वेळी टायर, सस्पेन्शन आणि हवेचा दाब यांचे गणित अखंड चालू असते. इतर बहुतेक खेळांना हा दुहेरी भार या प्रमाणात उचलावा लागत नाही.

सेकंदाला ६० फ्रेम पुरेशा आहेत का?

त्या अजिबात न डगमगता मिळत असतील, तर होय. कन्सोलवर ‘ग्रॅन तुरिस्मो’ आणि ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मालिकांनी वर्षानुवर्षे ६० चे लक्ष्य ठेवले, तर मोकळ्या जगातील ‘फोर्झा होरायझन’ मालिका एक्सबॉक्स वनच्या काळात प्रामुख्याने ३० वर चालत असे. शर्यतीत गांभीर्याने उतरणाऱ्याने ६० ही किमान पातळी समजावी. ९० ते १२० च्या दरम्यान स्टिअरिंगला मिळणाऱ्या प्रतिसादात स्पष्ट सुधारणा जाणवते. त्यापुढचा लाभ कमी होत जातो आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र वाढत जाते.

सरासरी १२० एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेम) दिसत असूनही चित्र अडखळते. असे का होते?

सरासरी हा आकडा या विषयात फार दिशाभूल करतो. सेकंदाला १२० फ्रेम याचा अर्थ प्रत्येक फ्रेमला ८.३ मिलिसेकंद. परंतु ११५ फ्रेम वेळेत आल्या आणि एका फ्रेमला ४५ मिलिसेकंद लागले, तरी सरासरी जवळपास तशीच राहते. त्या एका फ्रेमच्या काळात ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी अडीच मीटर पुढे सरकलेली असते आणि पडद्यावर तिने उडी मारल्यासारखे दिसते. हीच उडी वळणाच्या तोंडाशी आली, तर गाडी वाळूत जाण्यास तेवढे पुरते.

म्हणून एफपीएसऐवजी फ्रेम-वेळेचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख पाहावा. एमएसआय आफ्टरबर्नर, प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स यांपैकी कोणतेही साधन त्यासाठी चालते. आलेखाची रेघ सपाट असणे महत्त्वाचे आहे; ती किती खाली आहे हा दुय्यम प्रश्न आहे. सरासरी ८० आणि सपाट रेघ मिळत असेल, तर मी ती सरासरी १३० आणि उसळणाऱ्या रेघेपेक्षा निःसंशय वरची मानतो.

एफपीएस कमी झाल्यास गाडीची हाताळणीही बदलते का?

आजच्या सिम्युलेशनमध्ये भौतिकीचे गणित चित्रापासून वेगळे, ठरलेल्या वेगाने चालते. ‘असेटो कोर्सा’त ते सेकंदाला ३३३ वेळा, ‘आयरेसिंग’मध्ये ३६० वेळा आणि ‘कॉम्पिटिझिओने’त ४०० वेळा होते, म्हणजे शेवटच्या उदाहरणात प्रत्येक टप्प्याला केवळ अडीच मिलिसेकंद मिळतात. चित्र ४० एफपीएसवर घसरले तरी टायरचे गणित त्याच गतीने चालू राहते. बदलतो तो आपला प्रतिसाद, कारण आपण जुने चित्र पाहून सुकाणू फिरवत असतो.

मात्र प्रोसेसरलाच हे गणित वेळेत पूर्ण करता आले नाही, तर गोष्ट वेगळी. जेफ क्रॅमंड यांच्या ‘ग्रँड प्रिक्स २’मध्ये (१९९६) प्रोसेसर किती व्यापला आहे याची टक्केवारी पडद्यावर पाहता येत असे, ती शंभराच्या वर गेली की खेळातील वेळच संथ होई आणि शर्यत मंद गतीने चाले. ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ने (१९९८) चित्र ३६ एफपीएसवर बांधून ठेवले होते आणि भौतिकी २८८ वर, म्हणजे बरोबर आठपट, चालवली होती. ‘असेटो कोर्सा’त आजही सीपीयूचा (प्रोसेसरचा) व्याप ९९ टक्क्यांच्या पुढे गेल्याची सूचना पडद्यावर येते. ती दिसली तर ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही: प्रोसेसरवर चालणारे भौतिकीचे काम उशीर करत आहे. प्रतिस्पर्धी गाड्यांची संख्या आणि पार्श्वभूमीला चालणारे इतर प्रोग्राम कमी करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

अडचण सीपीयूची आहे की जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाच्या चिपची), हे कसे ओळखावे?

रिझोल्यूशन (चित्रातील बिंदूंची संख्या) तात्पुरते बरेच खाली आणावे आणि तेच दृश्य पुन्हा पाहावे. एफपीएस लक्षणीय वाढले तर जीपीयू अपुरा पडत होता. फारसा फरक पडला नाही तर सीपीयू. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या आसपास स्थिर असेल तर तोच मर्यादा घालत आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि आपण एफपीएसवर मर्यादा घातलेली नसेल, तर तो प्रोसेसरची वाट पाहत बसलेला असतो. येथे टास्क मॅनेजरमधील सीपीयूच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नये. आठ गाभ्यांच्या (कोअरच्या) प्रोसेसरमध्ये एकच गाभा पूर्ण व्यापलेला असला तरी एकूण आकडा वीस टक्क्यांच्या आतही दिसू शकतो, आणि शर्यतीला अडवणारा गाभा नेमका तोच असतो.

एकट्याने सराव करताना सर्व सुरळीत चालते. शर्यत सुरू होताच झटके बसतात. असे का?

माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण बहुतेक जण आपली सेटिंग रिकाम्या ट्रॅकवर ठरवतात. शर्यतीच्या आरंभी तीस गाड्या एका दृष्टिक्षेपात असतात. त्या जवळ असल्यामुळे प्रत्येकीचे सर्वाधिक तपशिलाचे मॉडेल वापरले जाते. मागच्या गाड्या आरशांत पुन्हा रेखाटल्या जातात, प्रत्येकीची सावली पडते, चाकांखालून धूर निघतो आणि तीस इंजिनांचे आवाजही एकत्र मिसळावे लागतात. संगणकाच्या गाड्यांविरुद्ध शर्यत असेल तर त्यांचे भौतिक गणितही आपल्याच प्रोसेसरवर पडते. पहिल्या वळणापर्यंतचे हे अर्धे मिनिट संपूर्ण शर्यतीतील सर्वांत जड असते आणि अपघाताची शक्यताही तेव्हाच सर्वाधिक असते.

म्हणून चाचणी याच क्षणाची करावी. ‘कॉम्पिटिझिओने’त बेल्जियममधील स्पा-फ्राँकोरशाँ हा ट्रॅक निवडावा, पूर्ण संख्येने प्रतिस्पर्धी घ्यावेत, वेळ रात्रीची आणि हवामान मुसळधार पावसाचे ठेवावे आणि ग्रिडच्या शेवटच्या स्थानावरून सुरुवात करावी. ला सोर्सचे पहिले वळण आणि त्यानंतर ओ रूझकडे जाणारा उतार एवढ्या अंतरात फ्रेम-वेळेची रेघ सपाट राहिली, तर पुढील शर्यतीत चिंतेचे कारण उरत नाही. ती फाटत असेल तर प्रथम एकाच वेळी दिसणाऱ्या प्रतिस्पर्धी गाड्यांची मर्यादा कमी करावी. आपल्यामागची दहावी गाडी रेखाटली न गेल्याने आपले काहीच बिघडत नाही.

कोणती सेटिंग सर्वांत महाग पडतात?

आरसे प्रथम. आरसा म्हणजे मागे तोंड केलेला स्वतंत्र कॅमेरा असतो आणि त्यातील दृश्य नव्याने रेखाटून काचेच्या आकारावर चिकटवले जाते. रिझोल्यूशन कमी करून जीपीयूचा भार हलका होतो, पण प्रोसेसरवरचा नाही. कारण कोणत्या वस्तू दिसतील हे ठरवणे आणि त्यांच्या रेखाटनाच्या आज्ञा पाठवणे तेवढेच राहते. आरशात किती अंतरापर्यंत वस्तू दाखवायच्या ही मर्यादा घटवली, तर मात्र दोन्हींना दिलासा मिळतो. मागची झाडे आणि प्रेक्षक आरशात दिसण्याची आवश्यकता नाही. मागची गाडी दिसली पाहिजे. ‘असेटो कोर्सा’त आरशातील धूर स्वतंत्रपणे बंद करता येतो आणि तो बंद ठेवावा.

प्रतिबिंबांची पद्धत अशी असते की गाडीभोवती एका काल्पनिक घनाच्या सहा बाजू कल्पून प्रत्येक बाजूचे चित्र काढले जाते आणि ते पत्र्यावर उमटवले जाते. प्रत्येक फ्रेममध्ये सहाही बाजू नव्याने काढल्या, तर सहा छोटी दृश्ये जादा रेखाटावी लागतात. ‘असेटो कोर्सा’ दर फ्रेमला किती बाजू अद्ययावत करायच्या हे निवडू देते. कॉकपिटमधून चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचे बॉनेट फार तर थोडेसे दिसते, तेव्हा त्याने एक किंवा दोन बाजूंवर समाधान मानावे. उरलेल्या बाजू पुढच्या फ्रेममध्ये येतात आणि डोळ्यांना तो उशीर कळत नाही.

सावल्यांसाठी सूर्याच्या जागेवरून दृश्य पुन्हा पाहिले जाते, तेही जवळचा, मधला आणि दूरचा अशा टप्प्यांत. सावल्यांचे रिझोल्यूशन वाढवणे जीपीयूवर पडते, तर त्यांचे अंतर वाढवणे दोघांवर पडते. सावल्या पूर्णपणे बंद मात्र करू नयेत. गाडीखालची सावली नाहीशी झाली की ती रस्त्याला टेकलेली आहे हे डोळ्यांना पटत नाही आणि पुढच्या गाडीचे अंतर जोखणे अवघड होते.

मोशन ब्लर, लेन्स फ्लेअर आणि फोकसची धूसरता ही सर्व बंद करावीत. शर्यतीत त्यांचा काही उपयोग नाही. टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रांचा) दर्जा मात्र ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत बसेल तितका उंच ठेवण्यास हरकत नाही, कारण स्मृती पुरेशी असताना त्याची किंमत अत्यल्प असते.

‘कॉम्पिटिझिओने’त दूरचे दृश्य धूसर का दिसते?

हे सिम्युलेशन अनरिअल इंजिन ४ वर बांधलेले आहे. या इंजिनच्या नेहमीच्या पद्धतीत वस्तूंचे गुणधर्म आधी साठवून प्रकाशाचे गणित नंतर केले जाते. रात्री तीस गाड्यांचे साठ हेडलाइट एकाच वेळी रस्त्यावर पडत असताना ही पद्धत फार उपयोगी ठरते. तिची अडचण अशी की वस्तूंच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी, स्वच्छ बहुनमुना पद्धत तिच्याशी सहज जुळत नाही. म्हणून आधीच्या फ्रेममधील माहिती चालू फ्रेममध्ये मिसळून कडा मऊ केल्या जातात. वेगाने सरकणाऱ्या गाडीमागे पुसट छाया उमटते किंवा कुंपणाची जाळी विरघळल्यासारखी वाटते, ती त्यामुळे. रिझोल्यूशनचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर नेणे आणि तीक्ष्णता किंचित वाढवणे हा उपाय चालतो, अर्थात जीपीयूमध्ये तेवढा जोर असल्यास.

पावसात एफपीएस इतके का घसरतात?

चाकांमागून उडणारा तुषार हा अर्धपारदर्शक कणांचा ढग असतो. अपारदर्शक वस्तूमागचे काही रेखाटावे लागत नाही. पारदर्शक थर मात्र एकावर एक सर्व रेखाटावे लागतात. पाच गाड्यांच्या तुषारातून पाहताना पडद्यावरचा तोच बिंदू कित्येकदा रंगवला जातो. येथे कणांचा किंवा इफेक्ट्सचा दर्जा एक पायरी खाली आणणे पुरेसे होते.

डीएलएसएस आणि एफएसआर वापरावे का?

एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही दोन्ही तंत्रे कमी रिझोल्यूशनमध्ये चित्र काढून ते मोठे करतात. त्यामुळे जीपीयू अपुरा असेल तरच त्यांचा लाभ होतो. प्रोसेसर अडवत असेल तर चित्र बिघडते आणि हाती काही लागत नाही. ४के पडद्यावर दर्जाला प्राधान्य देणारी पायरी मी निःशंकपणे सुचवेन. १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर ती टाळावी, कारण शंभर मीटरचा ब्रेकिंग फलक काही मोजक्या बिंदूंचा उरतो आणि ते बिंदूच गमावले जातात.

फ्रेम जनरेशन हा स्वतंत्र विषय आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम तयार करण्यासाठी पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावे लागते. मधल्या फ्रेममध्ये आपल्या स्टिअरिंगची नवी हालचाल नसते. आकडा दुप्पट दिसतो, प्रतिसाद मात्र थोडा मागे पडतो. शर्यतीसाठी ते बंद ठेवावे.

स्टिअरिंग आणि चित्र यांत अंतर जाणवते. ते कमी कसे करावे?

प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी आधीच करून रांगेत ठेवतो. ६० एफपीएसवर तीन फ्रेमची रांग म्हणजे ५० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात २०० च्या वेगाने जाणारी गाडी २.८ मीटर पुढे जाते. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कमी विलंबाचा पर्याय असतो, तो सुरू करावा. बदलत्या रिफ्रेश रेटचा (सेकंदाला चित्र बदलण्याचा दर फ्रेमप्रमाणे जुळवून घेणारा) मॉनिटर असेल, तर एफपीएसची मर्यादा त्याच्या कमाल दरापेक्षा तीन-चारने खाली ठेवावी. १४४ हर्ट्झच्या पडद्यासाठी १४० ते १४१ योग्य. साध्या मॉनिटरवर व्ही-सिंकमुळे (फ्रेम मॉनिटरच्या दराशी जुळवण्याच्या सोयीमुळे) चित्र फाटणे थांबते, पण विलंब वाढतो. त्या दोन दोषांपैकी फाटलेले चित्र सहन करणे बरे, असे माझे मत आहे.

तीन मॉनिटर घ्यावेत की व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट?

तीन १०८० पडद्यांचे मिळून सुमारे ६२ लाख बिंदू होतात, ४के पडद्याचे सुमारे ८३ लाख, तर तीन १४४० पडद्यांचे १ कोटी १० लाखांहून अधिक. शिवाय बाजूचे पडदे कोनात ठेवलेले असल्यामुळे प्रत्येकासाठी वेगळा कॅमेरा लागतो. एकाच कॅमेऱ्याचे चित्र तिन्हींवर पसरले तर कडेच्या गाड्या ओढल्यासारख्या लांबट दिसतात. तीन कॅमेरे म्हणजे प्रोसेसरचे काम वाढले. एनव्हिडियाने २०१६ च्या पास्कल पिढीत एकाच फेरीत अनेक प्रक्षेपणे काढण्याची सोय आणली आणि ‘आयरेसिंग’ तिचा उपयोग करून देते. ती उपलब्ध असेल तर अवश्य वापरावी.

व्हीआरमध्ये ९० हर्ट्झसाठी ११.१ मिलिसेकंदांत दोन्ही डोळ्यांची चित्रे तयार व्हावी लागतात. ती झाली नाहीत तर हेडसेट ४५ वर उतरून मधल्या फ्रेम अंदाजाने भरतो, आणि शेजारून जाणाऱ्या गाडीच्या कडा थरथरू लागतात. भिंगाची वक्रता भरून काढण्यासाठी मूळ चित्र पडद्याच्या बिंदूंपेक्षा मोठे काढले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दृश्याच्या कडांवरील तपशील कमी करून मध्यभाग स्वच्छ ठेवण्याची सोय असल्यास ती प्रथम सुरू करावी. अंतराची जाण व्हीआरमध्ये अतुलनीय आहे. परंतु मध्यम दर्जाच्या संगणकावर दीर्घ शर्यती करायच्या असतील, तर एक चांगला मॉनिटर अधिक विश्वासाचा.

दृष्टिक्षेत्राचा कामगिरीशी काही संबंध आहे का?

आहे. दृष्टिक्षेत्र, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन, जितके रुंद, तितक्या अधिक वस्तू दृश्यात येतात. २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर योग्य आडवे दृष्टिक्षेत्र सुमारे ५३ अंश आणि उभे सुमारे ३१ अंश येते. सुरुवातीला ते अरुंद वाटते, परंतु वळणांचा आकार आणि वेग खऱ्यासारखा जाणवू लागतो, आणि प्रोसेसरचाही थोडा भार उतरतो.

काही मॉड ट्रॅक (खेळाडूंनी स्वतः बनवलेले ट्रॅक) अधिकृत ट्रॅकपेक्षा जड का असतात?

चांगल्या ट्रॅकमध्ये डोळ्यांना दिसणारा रस्ता आणि टायरला जाणवणारा रस्ता वेगवेगळे असतात. ‘असेटो कोर्सा’त भौतिक पृष्ठभागाच्या नावाच्या आरंभी आकडा आणि त्यापुढे रोड, ग्रास असा प्रकार लिहिलेला असतो. तो पृष्ठभाग बारीक जाळीचा (अनेक छोट्या त्रिकोणांनी बनलेला) पण अदृश्य ठेवता येतो आणि दिसणारा रस्ता साध्या जाळीचा. घाईने केलेल्या मॉडमध्ये ही विभागणी नसते, दूरच्या इमारतींना कमी तपशिलाची प्रत दिलेली नसते आणि शेकडो झाडे प्रत्येकी स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवलेली असतात. प्रत्येक स्वतंत्र वस्तू म्हणजे प्रोसेसरने पाठवायची एक स्वतंत्र आज्ञा. जर्मनीतील सुमारे २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफेसारख्या ट्रॅकवर झाडांची गटागटाने बांधणी केली नसेल, तर कितीही महागडे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्यात लॅपटॉपवर अर्ध्या तासानंतर एफपीएस का उतरतात?

पंखा आणि उष्णताशोषक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशांवरच रोखू शकतात. खोली २२ ऐवजी ३५ अंशांवर असेल, तर तो फरक जवळपास तसाच चिपच्या तापमानात उतरतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बहुतेक लॅपटॉप आपल्या ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोहोचतात आणि स्वतःचा वेग कमी करतात. जाळीतील धूळ काढणे, लॅपटॉप मागून उचलून ठेवणे आणि एफपीएसवर मर्यादा घालणे हे तिन्ही करावे. ११० ऐवजी ७५ वर बांधलेला लॅपटॉप तासभराच्या शर्यतीत शेवटपर्यंत ७५ देऊ शकतो.

याच ठिकाणी आणखी एक तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे अनेक लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीसह विकले जातात. दुसरी पट्टी बसवल्याने स्मृतीकडे जाणारा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि सीपीयूमुळे अडणाऱ्या सिम्युलेशनमध्ये तो लाभ थेट दिसतो. डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली असल्याची खात्री करावी.

मर्यादित पैशांत प्रथम काय बदलावे?

वर सांगितलेल्या चाचणीत जे अडते तेच. तीस गाड्यांची शर्यत आणि एकच मॉनिटर अशी रचना असेल, तर बहुतेकदा तो प्रोसेसर निघतो. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी (२०२२) ९६ एमबी एल३ कॅशसह (प्रोसेसरमधील जलद स्मृतीसह) आला. त्याच पिढीतील साध्या ५८००एक्समध्ये ती ३२ एमबी आहे. सिम्युलेशनला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती या मोठ्या कॅशमध्ये राहत असल्यामुळे अशा प्रोसेसरचा फायदा येथे इतर खेळांपेक्षा ठळकपणे दिसतो. तीन मॉनिटर, ४के किंवा व्हीआर असेल, तर ग्राफिक्स कार्डाकडे आधी पाहावे.

शर्यतीदरम्यान एफपीएसचा आकडा पडद्यावर ठेवावा का?

चाचणी करताना ठेवावा, शर्यतीत नाही. आकडा हलला की नजर तिकडे जाते. शंका असेल तर फ्रेम-वेळेची नोंद पार्श्वभूमीला फाइलमध्ये होऊ द्यावी आणि शर्यत संपल्यावर ती रिप्लेच्या शेजारी ठेवून, झटका कोणत्या वळणावर आणि किती गाड्यांच्या गर्दीत आला, हे पाहावे.